चौथे भोक

किल्लीसाहेबांनी टेबलावर लांबलचक कागद पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार टोकांवर किल्ल्यांचे चार जुडगे ठेवले. ते कारखान्याचे व्यवस्थापक. झाडून सगळ्या कुलपांच्या किल्ल्या ते स्वतःजवळ बाळगत, म्हणून त्यांना हे नाव पडले होते, आणि ते कुठेही पोचायच्या आधी त्यांचा खुळखुळाट पोचत असे.

"बघा," ते म्हणाले. "यंत्र तुमचं. तेव्हा अर्थही तुम्हीच सांगा."

समोर उभी होती ती कारखान्यातली मापयंत्रे सांभाळणारी मुलगी. नोकरीला पाच महिने झाले होते आणि पक्के व्हायला अजून एक महिना होता. हजेरीपटावर तिचे नाव भारदस्त होते, पण लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत.

कागदावर एक रेघ होती. ती मागच्या अंगणातल्या टाकीची पातळी दाखवत होती. हा कारखाना धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवण्याचा. काम झालेले ॲसिड त्या बंदिस्त टाकीत साठायचे आणि तिथून ते शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जायचे. ती यंत्रणा बारा दिवस दुरुस्तीसाठी बंद होती. टाकीत येणारा पाइप बंद आणि टाकीतून जाणाराही बंद. म्हणजे रेघ सरळ, आडवी, झोपलेली असायला हवी होती.

ती झोपलेली नव्हती. रोज दुपारी बाराच्या सुमारास ती खाली उतरू लागे, तीनपर्यंत वीस सेंटिमीटर खाली जाई आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू चढून पुन्हा मूळ जागी येई.

"टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद," किल्लीसाहेब म्हणाले. "वीस सेंटिमीटर म्हणजे किती झाले?"

"चार हजार लिटर," भिंगरी म्हणाली.

"रोज चार हजार लिटर जातात कुठे आणि परत येतात कुठून? दुपारी टाकीवर पाळी कुणाची असते?"

त्यांना ते ठाऊक होते. तरी त्यांना ते तिच्या तोंडून हवे होते.

"मामांची."

त्या माणसाला अख्खा कारखाना मामा म्हणत असे, पण तो खराखुरा मामा एकट्या भिंगरीचाच होता. भिंगरी अकरा वर्षांची असल्यापासून मामा-मामीच्या घरी राहत होती.

किल्लीसाहेबांनी कागदावर एके ठिकाणी बोट ठेवले. तिथे रेघ दिवसभर सरळ होती. "मागचा गुरुवार. त्या दिवशी मामा रजेवर होता."

भिंगरीने ती तारीख पुन्हा वाचली.

"टाकीमागे जुना व्हॉल्व्ह आहे," साहेब पुढे म्हणाले. "ओढ्यात उघडतो. दुपारी सगळे जेवायला गेले की ॲसिड सोडायचं ओढ्यात आणि संध्याकाळपर्यंत नळी लावून पाणी भरायचं. बावीस वर्षं हा माणूस काठी बुडवून टाकी मोजायचा. तुमचं यंत्र आलं आणि त्याच्या काठीला कुणी विचारेना. यंत्र खोटं पाडायला माणूस काय वाट्टेल ते करतो."

"झाकण उघडून एकदा बघू या?"

"झाकणाला मी कुलूप घातलंय. शनिवारी पाणी खात्याचे अधिकारी येताहेत, त्यांच्यासमोरच उघडेल. त्याआधी, शुक्रवारी, मला तुमचा अहवाल हवा. त्यात नाव हवं आणि खाली तुमची सही. अधिकाऱ्यांकडे नाव गेलं की नोकरी जाईल, पुढचं पोलीस बघतील." त्यांनी एकेक जुडगा उचलला. "आणि घरी अवाक्षर नाही. ती भाची वेगळी आणि ही टेक्निशियन वेगळी."

हे यंत्र कसे मोजते ते आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. ॲसिडच्या टाकीत वाफा इतक्या तिखट की डोळे चुरचुरतात, लाकूड काळे पडते, लोखंड खाल्ले जाते. अशा ठिकाणी माणसाने रोज वाकून पाहण्यापेक्षा एक सेन्सर तारेला बांधून तळाशी सोडून देतात. तो असतो काकडीएवढा, ॲसिड ज्याला खाऊ शकत नाही अशा पदार्थाचा. त्याच्या तोंडाशी पातळ पडदा असतो. द्रव जितका खोल तितका त्याचा भार जास्त, आणि तितका तो पडदा आत दाबला जातो. त्यावरून खोली कळते. पण द्रवाच्या डोक्यावर हवासुद्धा बसलेली असते आणि तिचाही भार असतोच. तो भार वजा व्हावा म्हणून तारेच्या पोटातून एक बारीक नळी वर आणलेली असते. ती बाहेरची हवा पडद्याच्या पाठीशी नेऊन पोचवते. समोरून द्रव आणि हवा, मागून नुसती हवा; हवेला हवा कटली की उरतो तो द्रवाचा भार. थोडक्यात, हे यंत्र बुडालेले असले तरी नाकाने श्वास घेत असते.

भिंगरीला हे कुठल्या पुस्तकाच्या आधी मामाने शिकवले होते. तरुणपणी मामा गवंड्यांच्या हाताखाली होता. दोन भिंती एका पातळीत आहेत का हे बघायला गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. एक टोक या भिंतीला, दुसरे त्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीवर उभे राहते. घरात मोरीची भिंत बांधताना बारा वर्षांच्या भिंगरीने एक टोक धरले होते. पाणी सांडेल या भीतीने तिने तोंडावर अंगठा दाबून ठेवला होता. पलीकडून मामा ओरडला होता, "अंगठा काढ गं बये! अंगठा दाबलास तर पाणी खोटं बोलतं!"

तोच माणूस आता खोटे बोलत होता की काय, असा प्रश्न घेऊन ती सोमवारी घरी गेली.

घरात आणि कारखान्यात त्यांचा एक करार होता. कारखान्यात ती मामाला 'तुम्ही' म्हणे आणि तो तिला 'मॅडम'. घराचा उंबरा ओलांडला की 'तू' आणि 'भिंगरे'. या कराराची मामाला भारी गंमत वाटे. दारात चप्पल काढताना तो मुद्दाम विचारी, "मॅडम संपल्या का? संपल्या असतील तर भिंगरीला म्हणावं, पाणी दे."

त्या दिवशी त्याने तसे विचारले नाही. जेवताना भातावर बोटे थांबवून त्याने विचारले, "काय गं, तो कंट्रोल रूममधला पडदा जुनं किती दिवसांचं लक्षात ठेवतो?"

भिंगरीचा घास हातात राहिला. "का?"

"सहज. म्हणजे कुणी मागचं काढून बघायचं म्हटलं तर दिसतं का?"

"सगळं दिसतं," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला हवंय?"

मामीने आमटीचा डाव भांड्यात सोडला आणि ती हसली. "अगंबाई, घरात 'तुम्ही'? काय रे, काही गुन्हा केलायस का हिचा?"

मामा हसला, पण उशिरा.

मंगळवारी भिंगरीने ठरवून बघायला सुरुवात केली. माणूस बघायचे ठरवून बघू लागला की दिसण्यासारखे फार असते. टाकीच्या भिंतीवर एक खुंटी होती. जुन्या व्हॉल्व्हचे ताटलीएवढे लोखंडी चाक तिथे टांगलेले असे. ते दांड्यावर बसवून फिरवले तरच व्हॉल्व्ह उघडे. खुंटी रिकामी होती. मागे भिंतीवर चाकाचा गोल डाग तेवढा होता.

सव्वा वाजता जिन्याच्या खिडकीतून तिला मामा दिसला. काखेत गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी लांब होते. दोन्हीकडे बघून तो टाकीमागे गेला. दहा मिनिटांनी परत आला तेव्हा हात पुसत होता. संध्याकाळी घरी त्याची पँट वाळत घालताना तिला पायाशी बारीक बारीक भोके दिसली. ॲसिडचे शिंतोडे उडाले की कापडाला अशीच भोके पडतात.

कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसणाऱ्या बाईंना सगळे आकडेबाई म्हणत. भिंगरीने त्यांना वेगळेच काही विचारायचे म्हणून विचारले, तर त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुझ्या मामांचं काय बिनसलंय गं? एरवी यायचे तर म्हणायचे, 'काय म्हणतोय तुमचा टीव्ही, आज कुठली मालिका?' आता दुपारी दोनदा येतात, टाकीचा आकडा बघतात आणि तोंड एवढंसं करून जातात. माझ्याशी एक शब्द नाही. मी काय केलंय?"

"तुम्ही काही नाही केलं," भिंगरी म्हणाली.

बुधवारी सकाळी मामीने तिला खाटेखाली झाडायला सांगितले. केरसुणी कशाला तरी अडली. तिने हात घातला. वर्तमानपत्रात बांधलेले, जड, गोल. कागदाचा कोपरा तिने जरासा फाडला आणि आतला गंज बघितला. व्हॉल्व्हचे चाक होते.

तिने ते होते तसे सरकवून ठेवले. बाहेर मामी विचारत होती, "झालं का गं?" ती म्हणाली, "झालं."

त्या दिवशी दुपारी तिने अहवाल लिहिला. दीड पान झाले. त्यात रेघ होती, चार हजार लिटर होते, रजेचा गुरुवार होता, रिकामी खुंटी होती. मामाचे नाव लिहिताना तिने नाते लिहिले नाही. किल्लीसाहेबांनी कागद वाचला आणि विचारले, "चाक कुठंय, ते माहीत आहे?"

"नाही," भिंगरी म्हणाली, आणि सही केली. कागद साहेबांच्या खणात गेला. खणालाही कुलूप होते.

"अजून दोन दिवस आहेत," ते म्हणाले. "काही भर घालायची असली तर घाला."

भर नव्हे, एक भगदाड तिला रात्रभर टोचत राहिले. तिने 'व्हॉल्व्ह उघडण्यात आला' असे लिहिले होते आणि तो व्हॉल्व्ह तिने पाहिलाच नव्हता. न पाहिलेले लिहू नये, हे यंत्राच्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. तेव्हा गुरुवारी एक वाजता, सगळे जेवायला गेल्यावर, ती एकटी टाकीमागे गेली.

ऊन रणरणत होते. व्हॉल्व्ह भिंतीच्या बुडाशी होता. त्याच्या दांड्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळे विणले होते. जाळे जुने होते, धुळीने राखाडी झालेले, आणि एकही धागा तुटलेला नव्हता. खालचा चर कोरडा ठणठणीत.

म्हणजे व्हॉल्व्ह उघडलाच नाही. मग मामा इथे रोज करतो काय? दुसरीकडून कुठून सोडतो? संशय एक दार बंद झाले म्हणून परत जात नाही, तो पुढचे दार शोधतो. भिंगरी ते शोधत असतानाच पाठीमागे पावले वाजली. ती पाण्याच्या पिंपाआड झाली.

मामा आला. त्याने तोंडाला मास्क लावला, गोणपाट सोडले. आत प्लॅस्टिकची लांब काठी होती, तिच्यावर माप कोरलेले. शिडी चढून टाकीच्या माथ्यावरच्या कोपऱ्यातला एक पत्रा त्याने सरकवला. खाली नळाएवढे भोक होते. काठी त्याने सावकाश आत सोडली, तळाला टेकवली, वर काढली आणि ओला भाग कुठवर आहे ते डोळ्यांजवळ नेऊन बघितले. मग खाली उतरून कपाळाला हात लावला.

"मामा, तुम्ही काय करताय?"

काठी त्याच्या हातून सुटता सुटता राहिली. त्याने ती पाठीमागे लपवली. दहा फुटांची काठी पाठीमागे कशी लपणार? डोक्यावर चार फूट दिसतच होती.

"मॅडम, तुम्ही जेवायला नाही गेलात?"

"खाटेखाली व्हॉल्व्हचं चाक आहे."

मामाने मास्क खाली ओढला. "सापडलं होय तुला," तो म्हणाला. "सांगणारच होतो. नाही, खरं म्हणजे सांगणार नव्हतो."

"का नेलंत?"

"पहिल्या दिवशी पडद्यावर पातळी उतरलेली बघितली तेव्हा वाटलं, कुणीतरी व्हॉल्व्ह उघडतंय. म्हटलं, चाकच नेऊन ठेवतो, बघू कसा उघडतो तो. तरी दुसऱ्या दिवशी पातळी उतरलीच." त्याने काठी पुढे केली. तिच्यावर एक रबरबँड चढवलेला होता. "मग ही जुनी काढली. हे मापायचं भोक यंत्रवाल्यांनी पत्रा टाकून झाकलं होतं. रबर पहिल्या दिवशी ओल्या खुणेवर चढवला, नऊ दिवस झाले, तो हलवावा लागलेला नाही. दोन मीटर बारा. तू बघ. ओलं कुठवर आहे आणि रबर कुठे आहे."

ओल रबरापाशी थांबली होती. भिंगरीने खिशातून फोन काढून आकडेबाईंना लावला.

"टाकीची पातळी किती दाखवतोय?"

"एक सत्त्याण्णव," आकडेबाई घास चावत म्हणाल्या. "आणि उतरतोय मेला. का गं?"

टाकी जागची हलली नव्हती. हलत होते ते यंत्र.

"नऊ दिवस हे तुम्हाला माहीत होतं?" भिंगरीने विचारले. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? भाचीचं यंत्र खोटं सांगतंय म्हणून? नोकरी पक्की व्हायला महिना राहिलाय तुझा. किल्लीसाहेब टपूनच आहे. म्हटलं, पडदा जुनं फार दिवस ठेवत नसेल तर दुरुस्ती संपून टाकी चालू झाली की कुणाला कळणारही नाही."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम तिने मान वर करून सूर्याकडे बघितले. टाकीच्या भिंतीवर, थेट उन्हात, काळा लोखंडी बॉक्स बसवलेला होता. सेन्सरची तार वर येऊन त्याच्यात शिरत होती. तारेतली नळी त्याच्या आत उघडत होती.

"मामा, मागच्या गुरुवारी तुम्ही मामीला डोळे तपासायला नेलंत. त्या दिवशी ऊन होतं?"

"छे. मळभ होतं दिवसभर. तुझे कामाचे कपडे वाळले नाहीत म्हणून मामी कावली नव्हती का? दमट कपड्यात गेलीस शुक्रवारी."

भिंगरी भिंतीला पाठ टेकून खाली बसली, मग सरळ जमिनीवर आडवी झाली आणि तिने बॉक्सच्या खालून वर बघितले. बॉक्सच्या बाजूला तीन भोके होती, जास्तीच्या तारांसाठी ठेवलेली. ती लुकण, म्हणजे काचा बसवतात तशी लांबी, भरून बंद केलेली होती. आणि बुडाला, सहज दिसणार नाही असे, चौथे भोक होते, वाटाण्याएवढे, जाळीचे. बॉक्स त्यातून श्वास घेई. तेही बंद होते. वर बोट फिरवून लुकण इतके गुळगुळीत केले होते की त्यावर मामाच्या अंगठ्याच्या रेषा उठल्या होत्या.

"हे कुणी भरलं?"

"मीच की. पंधरा दिवसांमागं तू नवा बॉक्स बसवलास. वाफांनी आतली तार खाल्ली होती म्हणून वैतागली होतीस. मला म्हणालीस, 'मामा, भोकं बुजवा. एकही भोक राहता कामा नये.'" मामाने एकेक शब्द मोजून उच्चारला. "मी म्हटलं, आता मॅडमचा हुकूम. शिडीवर चढून सगळीकडून चाचपलं. खालचं तर तुझ्या लक्षातही आलं नसेल, म्हटलं."

तिला म्हणायची होती ती बाजूची तीन. बुजवल्यावर ती तपासायलाही आली होती आणि समोरून बघून, छान म्हणून गेली होती. वाकून बघितले नव्हते.

आता सगळे जुळत होते. बॉक्समधली हवा कोंडलेली. दुपारी ऊन बॉक्सवर आले की ती तापे, फुगायला जागा नाही म्हणून नळीतून खाली पडद्याला पाठीमागून रेटे. पुढून द्रवाचा भार तेवढाच, मागून रेटा जास्त. यंत्राला वाटे, पातळी उतरली. ऊन कलले की हवा निवे आणि पातळी 'भरे'. रजेच्या दिवशी रेघ सरळ राहिली ती मळभामुळे.

"अंगठा," ती म्हणाली.

मामाला क्षणभर कळले नाही. मग कळले. "अरे देवा," म्हणत त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि लुकण खरवडायला वाकला.

"थांब! हात लावू नकोस!" ती ओरडली. कारखान्यात तिच्या तोंडून 'तू' निघाले होते. "काढलंस तर उद्या दाखवायला काही उरणार नाही. आपल्या दोघांवर कोण विश्वास ठेवणार?"

तिचे म्हणणे बरोबर होते. शुक्रवारी सकाळी किल्लीसाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि खुर्चीत मागे रेलले.

"वा. म्हणजे मामाची काठी म्हणते भाचीचं यंत्र चुकलं, आणि भाची म्हणते मामा निर्दोष. घरी बसून छान जमवलंय."

"दुपारी या आणि स्वतः बघा," भिंगरी म्हणाली. "काठी तुम्ही बुडवा. चूक माझी आहे, तेही लिहून देते."

एक वाजता ते तिघे टाकीपाशी उभे राहिले. मामाने काठी दिली, साहेबांनी हातमोजे घातले, मास्क लावला आणि ते शिडी चढून वाकले. त्यांच्या कमरेच्या किल्ल्या टाकीच्या कडेला आपटत होत्या. ओल रबराशी थांबली. फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, आकडेबाई म्हणाल्या, "एक पंच्याण्णव."

"मापायचं भोक वाकडं असेल," साहेब म्हणाले.

भिंगरीने गोणपाट पाण्याच्या पिंपात बुचकळले. शिडी चढून ते तिने तापलेल्या बॉक्सवर टाकले. सर्रकन वाफ निघाली. ती वरून पाणी ओतत राहिली.

"दोन मीटर," आकडेबाई म्हणाल्या. "दोन चार. अगं बाई, हे काय चाललंय? दोन नऊ."

"पाच मिनिटांत तीन हजार लिटर भरले साहेब," मामा हळूच म्हणाला. "एका गोणपाटानं."

साहेबांनी त्याच्याकडे रागाने बघितले, मग स्वतः शिडी चढले. गोणपाट काढायला लावले. बॉक्स पुन्हा तापेपर्यंत उन्हात उभे राहिले, घाम पुसत. आकडा पुन्हा उतरला. तेव्हा त्यांनी जुडग्यातली सगळ्यात बारीक किल्ली निवडली, बॉक्सच्या खाली हात घातला आणि लुकण टोकरून काढले. फुस्स असा बारीक आवाज झाला.

"दोन बारा," फोनमधून आवाज आला. "आणि स्थिर."

किल्लीसाहेब खाली उतरले. चूक सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. चोर हातचा गेल्याचे दुःख होते. "ते चाक?" त्यांनी विचारले.

"माझ्या घरी," मामा म्हणाला. "खाटेखाली. उद्या आणून टांगतो."

"घरी?" साहेबांचे डोळे पुन्हा बारीक झाले.

"मला माहीत होतं," भिंगरी म्हणाली. "बुधवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले. तेही अहवालात लिहीन."

ऑफिसात तिने नवा अहवाल लिहिला. चौथे भोक कुणाच्या सांगण्यावरून बुजले, तपासताना कुणी वाकून बघितले नाही, सगळे लिहिले. साहेबांनी तो वाचून ठेवून घेतला. नोकरी पक्की होणार की नाही, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. "बघू," एवढेच म्हणाले. मग त्यांनी खणाचे कुलूप उघडले आणि दीड पानाचा जुना कागद काढला. मामा दाराशीच उभा होता.

"हा आता तुमचा तुम्ही फाडा," ते म्हणाले, आणि कागद तिला न देता मामाच्या हातात ठेवला.

मामाने तो उभ्या उभ्या वाचला. त्याला वाचायला वेळ लागे. खालच्या सहीपर्यंत तो पोचला, तारीख बघितली, कागदाची नीट चौपट घडी केली आणि ती खिशात ठेवली.

घरी दोघे बरोबरच चालत गेले. दाराशी मामाने चप्पल काढली. मॅडम संपल्या का, असे त्याने विचारले नाही. मामीने दोघांच्या तोंडाकडे बघितले आणि ताटे घेतली.

निम्मे जेवण झाल्यावर मामा म्हणाला, "बुधवारी सही केलीस. चाक सापडल्यावर."

"हो."

"मला विचारलं का नाहीस?"

भिंगरी ताटात बघत राहिली. "तू मला विचारलंस? यंत्र बिघडलंय का म्हणून? नऊ दिवस."

मामाने घास घेतला, चावला, गिळला.

"सोमवारपासून दुपारी एकदा काठी बुडवायची," तो म्हणाला. "दोघांनी मिळून. पडद्याचा आकडा एकीकडे, काठीचा एकीकडे. आणि तो बॉक्स खालून बघायचा. रोज. काय मॅडम?"

"मामा, घरी आहोत आपण."

"माहीत आहे," मामा म्हणाला आणि मामीपुढे ताट सरकवून भात मागितला. "दोन दिवस म्हणू दे."